व्हीएम बॅकअपमध्ये फाइलसिस्टम फ्रीझ: या चुका टाळा, नाहीतर रीस्टोअरच्या दिवशी कळेल

व्हीएमचा (व्हर्च्युअल मशिनचा) बॅकअप जॉब हिरवा झाला की आपण खूश. पण त्या हिरव्या टिकचा अर्थ फक्त इतकाच की डिस्कवरचे ब्लॉक वाचून दुसरीकडे लिहिले गेले. वाचायला घेतले त्या क्षणी गेस्टच्या (व्हीएमच्या आत चालणाऱ्या सिस्टमच्या) मेमरीत अडकलेला डेटा डिस्कवर उतरला होता का, डेटाबेस मधेच काही लिहीत होता का, याबद्दल तो टिक अवाक्षर काढत नाही. फ्रीझ त्यासाठीच असतं. गेस्टमधल्या फाइलसिस्टमला सांगायचं की हातातलं सगळं डिस्कवर उतरव आणि नवीन लिहिणं रोखून धर, बॅकअपचा क्षण पकडला की लगेच सोडायचं, त्याला थॉ म्हणतात. खाली मुख्यतः प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) आणि केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) धरून लिहितोय, कारण छोट्या ऑफिसांत हल्ली तेच जास्त दिसतंय.

नुसता चेकबॉक्स टिक करून मोकळं होणं

सगळ्यात कॉमन चूक ही. व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (गेस्टमध्ये बसून होस्टचे, म्हणजे खालच्या खऱ्या मशिनचे, हुकूम पाळणारा छोटा प्रोग्रॅम) ऑन केला, आणि आत गेस्टमध्ये एजंटचं पॅकेजच टाकलं नाही. किंवा पॅकेज टाकलं पण गेस्टमधूनच रीबूट मारला. एजंट होस्टशी बोलतो तो एका व्हर्च्युअल सिरीयल पोर्टवरून, आणि तो पोर्ट म्हणजे व्हीएमचं हार्डवेअर, त्यामुळे आतून रीबूट करून तो उगवत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करावं लागतं (प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या रीबूट बटणाने पण चालतं).

एजंट सापडला नाही तर प्रॉक्समॉक्स बॅकअप थांबवत नाही. लॉगमध्ये एक ओळ टाकतो की एजंट कॉन्फिगर केलाय पण चालू दिसत नाही म्हणून फ्रीझ सोडून देतोय, आणि पुढे जातो, शेवटी टिक हिरवाच. त्यामुळे लॉग उघडा आणि फ्रीझची एक आणि थॉची एक अशा दोन ओळी आहेत का ते बघा. नसतील तर फ्रीझ झालेलं नाही, विषय संपला. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये पण हीच गंमत, इमेजच्या प्रॉपर्टीत क्विएस (म्हणजे इथे फ्रीझच) सक्तीचं केलं नाही तर फेल झालं तरी स्नॅपशॉट गुपचूप होतो. व्हर्शच्या (केव्हीएमच्या व्हीएम हाताळायची कमांड) स्नॅपशॉटला क्विएसचा पर्याय दिला आणि एजंट नसला तर मात्र तो सरळ एरर देतो, मला तर हीच वागणूक योग्य वाटते.

फ्रीझ झालं म्हणजे डेटाबेस पण सेफ, असं धरून चालणं

फ्रीझने फाइलसिस्टम नीट राहते. डेटाबेसने स्वतःच्या मेमरीत जे धरून ठेवलंय ते फ्रीझला माहीतच नसतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी हे लाइट गेल्यावर जसे स्वतःच्या लॉगमधून सावरतात तसे इथेही सावरतात, म्हणजे फार घाबरायचं कारण नाही. पण जुने मायआयसॅम टेबल असतील तर ते सावरत नाहीत. आणि पोस्टग्रेसचा डेटा एका डिस्कवर, वॉल (त्याचा बदलांचा लॉग) दुसऱ्या डिस्कवर, आणि जागा वाचवायला कुणीतरी त्या दुसऱ्या डिस्कवरचा बॅकअपचा टिक काढून टाकलेला, असं असेल तर तुमच्या फ्रीझला काही अर्थ नाही, अर्धाच डेटाबेस परत येणार.

मायएसक्यूएलसाठी हुक स्क्रिप्ट (फ्रीझ आणि थॉच्या वेळी एजंट चालवतो ती) लिहिताना एक चूक इतक्या ठिकाणी दिसते की बास. स्क्रिप्टमध्ये एका ओळीत क्लायंट चालवून सगळ्या टेबलांवर रीड लॉक लावतात आणि पुढे जातात. तो लॉक सेशन जिवंत असेपर्यंतच टिकतो! क्लायंट बाहेर पडला की लॉक सुटला, फ्रीझ नंतर झालं, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही. सेशन थॉ होईपर्यंत उघडं ठेवावं लागतं, क्यूईएमयूच्या सोर्ससोबत येणाऱ्या नमुना स्क्रिप्टमध्ये फिफो (दोन प्रोग्रॅममधली नळी) वापरून तेच केलंय, ती बघा. अजून एक, एखादी भलीमोठी क्वेरी चालू असेल तर हा लॉक तिची वाट बघत बसतो आणि त्याच्यामागे बाकी सगळे लिहिणारे रांगेत, मग रात्री दोनला साइट बंदचे फोन. रिपोर्टची वेळ आणि बॅकअपची वेळ वेगळी ठेवा.

हुक चालतो का हे पण तपासा. फाइल एक्झिक्युटेबल हवी, एजंट हुकचा पर्याय देऊन सुरू झालेला हवा (काही डिस्ट्रोत तो आपोआप असतो, काहींत नाही), आणि रेड हॅट घराण्यात एसईलिनक्स ही सुरक्षा व्यवस्था मधे येतं. हुकच्या पहिल्याच ओळीत तारीखवेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवा. फ्रीझचा हुक गोठण्याआधी चालतो आणि थॉचा सुटल्यानंतर, त्यामुळे लिहायला अडचण येत नाही.

रूटवर हाताने एफएसफ्रीझ मारून बघणं

"जरा टेस्ट करतो" म्हणून एसएसएचवरून रूट (सिस्टमची मुख्य) फाइलसिस्टम एफएसफ्रीझ कमांडने गोठवायची, आणि मग अनफ्रीझ टाइप करायला जावं तर टर्मिनल मेलेलं. नवीन लॉगिन पण होत नाही कारण लॉगिनची नोंद डिस्कवर लिहायची असते. टेस्ट करायचीच तर वेगळ्या माउंटवर करा. अडकलात तर आधी होस्टवरून क्यूएम गेस्ट सीएमडी ही प्रॉक्समॉक्सची कमांड वापरून एफएसफ्रीझचं स्टेटस विचारा आणि थॉ पाठवा, पण हाताने गोठवलेलं एजंटच्या हिशोबात नसतं, त्यामुळे तेवढ्याने सुटेलच असं नाही. तेव्हा कन्सोलवरून मॅजिक सिसआरक्यू (थेट कर्नलला हुकूम देणारी की) सोबत 'जे' (J) ही की दाबा, ती की कर्नलमध्ये गोठलेल्या फाइलसिस्टम जबरदस्ती सोडवण्यासाठीच ठेवलीय. अर्थात सिसआरक्यू आधीपासून परवानगीत असेल तरच.

लूप माउंट विसरणं

फ्रीझची कमांड गेली आणि व्हीएम लटकलं ते लटकलंच, असं झालं तर आधी लूप डिव्हाइसची (म्हणजे डिस्कसारख्या जोडलेल्या फाइलींची) यादी काढा. सीपॅनेल (वेब होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) वाल्या सर्व्हरवर टेंप फोल्डर हे रूटवरच्याच एका फाइलमधून लूप माउंट केलेलं असतं. आता रूट आधी गोठलं आणि मग टेंपची पाळी आली, तर टेंपला आपला डेटा लिहायचाय रूटवरच्या फाइलमध्ये, आणि रूट तर गोठलेलं. दोघं एकमेकांकडे बघत बसतात. एजंट माउंट उलट्या क्रमाने गोठवतो ते हे टाळायलाच, पण बाइंड माउंटची (एकच फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही जोडण्याची) खिचडी असली की व्हायचं ते होतंच. टेंपला स्वतंत्र पार्टिशन द्या किंवा टेंपएफएस (मेमरीतली फाइलसिस्टम) वापरा. ते जमत नसेल तर प्रॉक्समॉक्समध्ये त्या एका व्हीएमपुरतं बॅकअपच्या वेळचं फ्रीझ बंद करता येतं, एजंट बाकी कामांना चालू राहतो. स्नॅपचे (उबंटूच्या अ‍ॅप पॅकेजचे) लूप दिसले तर घाबरू नका, ते रीड-ओन्ली असतात.

स्लो झालं की फ्रीझला शिव्या

बॅकअप चालू असताना अर्धा तास व्हीएम रखडतंय, हे सहसा फ्रीझमुळे नसतं. फ्रीझ काही क्षणांचं, बॅकअप जॉब सुरू झाला की थॉ. त्यानंतर गेस्टला एखादा ब्लॉक बदलायचा असेल तर त्याचा जुना ब्लॉक आधी बॅकअपमध्ये जावा लागतो, आणि बॅकअप स्टोरेज स्लो असलं की गेस्ट तिथे थांबतो. त्यावर प्रॉक्समॉक्स ८.२ मध्ये, म्हणजे २०२४ ला, फ्लीसिंग आलं, जुने ब्लॉक तात्पुरते लोकल फास्ट डिस्कवर. ते लावा, फ्रीझ काढू नका.

विंडोजमध्ये फ्रीझचं काम व्हीएसएस (विंडोजची शॅडो कॉपी सेवा) करतं आणि तिथे लिहिणं रोखून धरायची मर्यादा फक्त १० सेकंद. फेल झालं तर व्हीएसएसअ‍ॅडमिनने रायटर्सची (व्हीएसएसशी बोलणाऱ्या अ‍ॅपच्या भागांची) यादी काढा, कोणता रायटर एररमध्ये आहे ते दिसतं. एसक्यूएल सर्व्हर असेल तर अजून एक बघा: व्हीएसएसचा बॅकअप कॉपी-ओन्ली नसला तर तो फुल बॅकअप म्हणून मोजला जातो आणि तुमच्या डीबीएचे डिफरन्शियल बॅकअप (शेवटच्या फुलनंतरचे बदल) मग त्याच्यावर बेतलेले निघतात.

एनएफएसवरचा (नेटवर्कवरून जोडलेला) डेटा यातल्या कशातच येत नाही, तो वेगळा घ्या.

रीस्टोअर करून बघताना नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करूनच व्हीएम चालू करा, नाहीतर एकच आयपी दोन मशिनांवर. आत ईएक्सटी४ फाइलसिस्टम असेल तर पहिल्या बूटचा लॉग वाचा: फ्रीझ नीट झालेलं असेल तर जर्नल (फाइलसिस्टमची बदलांची नोंदवही) रिकव्हरीची गरजच पडत नाही, तिथे रिकव्हरी चाललेली दिसली तर त्या बॅकअपच्या वेळी फ्रीझ झालं नव्हतं. एक्सएफएस या फाइलसिस्टमवर हा निकष लावू नका, ते फ्रीझनंतरही मुद्दाम लॉग रिकव्हरी करतं. आणि तीच रीस्टोअर केलेली एक्सएफएस डिस्क मूळ मशिनला जोडून माउंट करायला गेलात तर यूयूआयडी (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) डुप्लिकेट म्हणून नकार मिळेल, डिस्क खराब नाहीये, नोयूयूआयडी पर्याय देऊन माउंट करा.