मध्यस्थ व्हायचंय? आधी निवाडा द्यायची सवय सोडा

भावकीत किंवा सोसायटीत वाद झाला की ‘त्यांना बोलवा’ म्हणून ज्याचं नाव निघतं, त्याला कधी ना कधी वाटतंच, की हे काम रीतसर करावं. जरूर करावं. पण चार माणसांत शब्दाला मान असणं वेगळं आणि मध्यस्थी वेगळी. पंच निवाडा देतो, लवाद निर्णय देतो. मध्यस्थ काहीच ठरवत नाही. ठरवायचं ते पक्षकारांनी, आणि त्यांना तिथवर आणायचं हे आपलं काम.

सुरुवात वाचनापासून करा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 (वाद न्यायालयाबाहेर मिटवण्याबद्दलचं) आणि मध्यस्थी कायदा, 2023 ही दोन्ही शांतपणे वाचा. मध्यस्थी कायद्यात मध्यस्थीला 120 दिवसांची मुदत आहे, संमतीनं आणखी 60 दिवस मिळतात. कोणते वाद मध्यस्थीला घ्यायचेच नाहीत, त्याची यादी कायद्याला जोडलेली आहे. ती आधी वाचा.

मग प्रशिक्षण. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थीसाठी आपल्याकडे 40 तासांचं प्रशिक्षण रूढ आहे. त्याची आखणी सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीनं केली, ही समिती 2005 साली स्थापन झाली. प्रशिक्षण कधी आहे, पॅनलवर, म्हणजे मध्यस्थांच्या यादीवर, कोणाला घेतात, हे आपल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विचारा. पॅनलवर बहुतेक अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायाधीश दिसतील. पण खासगी मध्यस्थीत दोन्ही बाजूंनी मिळून मध्यस्थ निवडायचा असतो, तिथं शिक्षक, अभियंता, समुपदेशक यांनाही वाव आहे.

या 40 तासांतला खरा कस लागतो तो भूमिका वठवताना. आमच्या वर्गात दोन भावांचा वाद दिला होता: सामाईक विहीर, पाण्याची पाळी. मध्यस्थ मी. दहाव्या मिनिटाला मी म्हणालो, ‘तीन-तीन दिवस वाटून घ्या, रविवार मोकळा ठेवा.’ दोघांनीही मान हलवून नकार दिला. प्रशिक्षकांनी थांबवलं आणि विचारलं, ‘हा तोडगा कोणाचा?’ मग त्यांनी धाकट्याला एवढंच विचारलं, ‘पाळी चुकली त्या दिवशी काय झालं?’ आणि गप्प बसले. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी धाकटा म्हणाला, ‘दादानं स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. मला किल्लीसुद्धा दिली नाही.’ अडलं होतं ते किल्लीपाशी! ती गप्प बसण्याची ताकद मला त्या दिवशी कळली, आणि ती अंगी यायला पुढं दोन वर्षं लागली. वकिलांना आणि शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं, कारण उत्तर देणं हाच आमचा धंदा.

प्रमाणपत्र मिळालं की लगेच एकट्यानं प्रकरण घेऊ नका. पक्षकारांची संमती घेऊन ज्येष्ठ मध्यस्थाशेजारी बसा. संयुक्त बैठकीत आवाज चढला की ते काय करतात, कोणाला आधी बोलू देतात, स्वतंत्र बैठक कधी लावतात, हे बघा. स्वतंत्र बैठकीत एकानं सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. इथं एकदा चूक झाली की विश्वास परत मिळत नाही.

खेड्यात असाल तर अनुभवाची वाट आणखी जवळ आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. बांध, वहिवाट, हिस्सेवाटप यांचं भांडण कसं पेटतं आणि कसं विझतं, हे त्या समित्यांत काम केलेल्या जुन्या माणसांकडून ऐका. नव्या कायद्यातही सामुदायिक मध्यस्थीसाठी तीन मध्यस्थांच्या पॅनलची तरतूद आहे. मात्र तिथं झालेला समेट न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही, हे पक्षकारांना आधीच सांगा.

समेटपत्र लिहायचा सराव वेगळा करावा लागतो. ‘लवकरात लवकर रक्कम द्यावी’ हे वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाची सोय. कोणी, कोणाला, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, आणि हप्ता चुकला तर काय, हे सगळं कागदावर हवं. ढिला शब्द राहिला की पक्षकार दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, घेऊन पुन्हा कोर्टाच्या पायरीवर उभे!

पैशाचंही स्पष्ट सांगतो. न्यायालयीन पॅनलवर मानधन मिळतं, पण सुरुवातीला त्यावर घर चालेल असं धरू नका. हातातला व्यवसाय सुरू ठेवा.

आणि एक वही ठेवा. तिच्यात नाव, गाव, रक्कम काही लिहायचं नाही. प्रत्येक बैठकीनंतर दोनच ओळी: कोणत्या प्रश्नानं माणूस बोलता झाला, आणि कुठं मी मध्येच बोललो. माझ्या पहिल्या वहीत ही दुसऱ्या प्रकारची ओळच जास्त वेळा आहे.