प्रस्तावाआधी फाइल

संस्थेसाठी फाउंडेशनकडे निधी मागायचाय? प्रस्ताव राहू द्या बाजूला. आधी धर्मादाय कार्यालयातून अनुसूची एकचा, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा काढून आणा आणि विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ती एकेक वाचा. आमच्या उताऱ्यावर वारलेले खजिनदार चार वर्षं हयात होते. विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत बदल अर्ज टाकायचा असतो. आम्ही "पुढच्या महिन्यात पाहू" करत राहिलो. मग एका फाउंडेशनच्या मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "ठरावावर सही आहे ते सर उताऱ्यात का नाहीत?" ते वर्ष तिथेच गेलं. उशीर झाला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह टाका आणि पोच फाइलला लावा. बँकेतल्या सह्याही त्याच दमात बदलून घ्या.

उतारा नीट झाला की बाकीचं सोपं: नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना आणि पॅन, तीन वर्षांचे ऑडिट, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, 12ए (संस्थेला आयकरात सूट) आणि 80जी (देणगीदाराला सूट). ही शेवटची दोन्ही आता कायमची मिळत नाहीत, मुदत कधी संपते ते कपाटाच्या दारावर लिहून ठेवा.

पैसा कोणत्या खिशातून येतोय तेही विचारून घ्या. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी काढलेला पैसा, असेल तर कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 ची नोंदणी लागते, 1 एप्रिल 2021 पासून. परदेशातला असेल तर एफसीआरएशिवाय, म्हणजे परदेशी देणगीच्या केंद्राच्या परवानगीशिवाय, रुपयाही घेऊ नका. आणि दिसेल त्या फाउंडेशनला एकच पत्र पाठवू नका. टाटा ट्रस्ट्सनी 'सुखी बळीराजा' उपक्रमातून यवतमाळ-वर्ध्याकडच्या कास्तकारांत काम केलंय. आपला विषय पाण्याचा, शाळेचा की शेतीचा, त्याप्रमाणे देणारा शोधा. कोणत्या जिल्ह्यात देतात, हे त्यांच्या वेबसाइटवर बघूनच लिहा.

बजेटमध्ये आपली माणसं लाजतात. हिशेब लिहिणाऱ्या पोराचा पगार, ऑडिटची फी, पांढरकवड्याहून पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) जायचं पेट्रोल, हे सगळं मांडा. न मांडलेलं शेवटी कार्यकर्त्याच्याच खिशातून जातं. श्रमदान आणि गावाने दिलेली जागा वेगळ्या रकान्यात दाखवा, ती आपलीच भर आहे.

आता निधी देणाऱ्यांची गावभेट. मे महिन्यात दुपारी दोनला पाहुणे नेऊ नका, ऊनच सगळं बोलतं. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा गावात म्हातारी आणि लेकरंच असतात. बैठक संध्याकाळी सातनंतरची ठरवा, मग बाया येतात. चकचकीत फोटोंपेक्षा बैठकीचं रजिस्टर दाखवा. आमच्या रजिस्टरवर एका पानावर तेलाचा डाग आणि बावीस अंगठे होते, पाहुणे त्याच पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबले. सरपंचांना मात्र आदल्या दिवशीच भेटून या. नाहीतर ते पाहुण्यांसमोर घरकुलाची यादी काढून बसतात.