रोबोटिक्स क्लबचा पहिला शनिवार: शुक्रवारी काय काय करून ठेवायचं

सुरुवात कपाटाच्या किल्लीपासून. शाळेला नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब मिळालेली असेल तर सहावी ते बारावीच्या पोरांसाठीचं सामान आधीच आलेलं असतं, पण ते डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला) चढलेलं असतं आणि मोडेल या धास्तीने खोक्यातच राहतं. म्हणून मुख्याध्यापकांकडून आधीच लिहून घ्या, की जळालेला एलईडी आणि तुटलेली वायर ही खर्चात धरायची, नुकसानीत नाही. आमच्याकडे हा कागद झाल्यावरच पहिलं खोकं फुटलं.

मग संगणक. आर्डुइनोचं (म्हणजे दिवे-मोटारी चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाचं) सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणा, शाळेच्या नेटच्या भरवशावर राहू नका. मशीन जुनी 32 बिटची असतील तर 1.8.19 ही आवृत्ती घ्या, नवी 2 त्यांवर चालणार नाही. ऊनो हा आर्डुइनोचाच एक बोर्ड; स्वस्त ऊनोंवर यूएसबीसाठी बहुतेक वेळा सीएच340 चिप असते, तिचा ड्रायव्हरही (संगणकाला ती ओळखू देणारं सॉफ्टवेअर) सोबत हवा, नाहीतर पोर्टच दिसत नाही. आणि अॅडमिनचा पासवर्ड! तो ज्या सरांना ठाऊक असतो ते नेमके शनिवारी रजेवर.

केबली एकेक करून तपासा. प्रत्येक केबलीने ब्लिंकचा (दिवा लुकलुकवणारा) प्रोग्राम बोर्डात चढवून पाहा आणि जी चालेल तिच्या टोकाला हिरवी चिकटपट्टी लावा. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर उद्याची पाऊण तासिका 'सर, होत नाही' ऐकण्यात जाईल.

सुटं सामान लावायला घरातला जुना मिसळणाचा डबा आणा, त्याच्या सात वाट्यांत सगळं बसतं. एका वाटीत एलईडी, एकीत 220 ओहमचे रेझिस्टर (लाल, लाल, तपकिरी पट्टे). एलईडीचा लांब पाय प्लसला, हे फळ्यावर मोठं लिहून ठेवा.

बॅटरीचं मात्र नीट समजून घ्या. मल्टीमीटरमधली चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी मोटारींना लावायचा मोह होतो. व्होल्ट पुरतात, करंट पुरत नाही, आणि गाडी दोन फूट जाऊन धापा टाकते. 18650 चे (चार्ज होणारे लिथियम) दोन सेल एकामागे एक जोडले की 7.4 व्होल्ट होतात. मोटारींना करंट पुरवणारा एल298एन हा ड्रायव्हर बोर्ड त्यातले दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, उरलेल्यावर गाडीच्या चाकांच्या पिवळ्या बीओ मोटारी मजेत फिरतात. सेल शुक्रवारी तुमच्या डोळ्यांसमोर चार्ज करा, रात्रभर लावून घरी जाऊ नका. ठेवायला प्लॅस्टिकचा डबा. पोरं ते पत्र्याच्या कंपासपेटीत टाकतात, आणि तिथे कर्कटक असतं, म्हणजे शॉर्ट सर्किटची सोय.

गट तिघांचेच करा. पाचांच्या गटात दोघं खिडकीतून मैदान बघतात. एक कीबोर्डवर, एक वायरींवर, एक वहीवर, आणि दर वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. घड्याळ लावूनच बदला. आपोआप सोडलं तर वही मुलींकडे आणि वायरी मुलांकडे जातात, हे मी दर वर्षी पाहतो.

पहिल्याच दिवशी गाडी काढू नका. दिवा लुकलुकू दे. प्रोग्राममधल्या डिलेतले (थांबायचा वेळ, मिलिसेकंदांत) 1000 खोडून 200 करा म्हणावं, आणि दिवा का घाबरल्यासारखा करतोय ते त्यांनाच सांगू दे. सोल्डरिंग तर महिनाभर नकोच.

पुढच्या शनिवारसाठी एक गोष्ट आत्ताच मनाशी धरून ठेवा. गाडी सरळ जायच्या ऐवजी जागच्या जागी गरगर फिरेल. पोरं अर्धा तास प्रोग्राममध्ये चूक शोधतील. एका मोटारीच्या दोन वायरी उलट लागल्यात हे तुम्हाला दारातूनच दिसेल. तेव्हा हात मागे बांधून उभं राहायचं.