ऑफिसच्या फोनवर पासवर्ड मॅनेजर: कुठलं व्हॉल्ट कुठे ठेवायचं

आधी फोनवर कंपनीचा ताबा किती आहे ते बघा. फोन तुमचा स्वतःचा असेल आणि काही ॲप्सच्या आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसत असेल, तर तो अँड्रॉइडचा वर्क प्रोफाइल. कंपनी तेवढाच कप्पा पुसू शकते. फोनच कंपनीचा असेल तर तो अख्खा पुसला जाऊ शकतो, हे धरून चाला. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, मग व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट उघडा. तिथे कंपनीचं प्रोफाइल दिसलं की फोन एमडीएमखाली, म्हणजे कंपनीच्या दूरून चालणाऱ्या नियंत्रणाखाली आहे.

आता व्हॉल्ट, म्हणजे पासवर्ड मॅनेजरमधली पासवर्डची तिजोरी. ऑफिसचं व्हॉल्ट ऑफिसच्या खात्यात, घरचं वेगळ्या खात्यात आणि शक्यतो स्वतःच्याच फोनवर. आयटीवाल्याला एमडीएममधून तुमचं व्हॉल्ट वाचता येत नाही, ते मास्टर पासवर्डने (तिजोरी उघडणाऱ्या मुख्य पासवर्डने) एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेलं असतं. पण बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरच्या एंटरप्राइझ खात्यात अकाउंट रिकव्हरी चालू असेल तर ॲडमिन तुमचा मास्टर पासवर्ड बदलू शकतो. त्यामुळे नेटबँकिंग आणि पीएफचा यूएएन तिथे ठेवायचाच नाही. घरचं खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडणं तर त्याहून वाईट: राजीनाम्यानंतर तो मेलबॉक्स तुमचा राहत नाही. वेगळ्या खात्याचे पैसे कोण भरणार, असं वाटत असेल तर एचआरला विचारा. बिटवॉर्डन एंटरप्राइझ आणि वनपासवर्ड (दुसरा पासवर्ड मॅनेजर) बिझनेस या दोन्हींत कर्मचाऱ्याला फॅमिली प्लॅन मोफत मिळतो.

सगळ्यात जास्त तक्रार ऑटोफिलची, म्हणजे पासवर्ड आपोआप भरण्याची. ॲप आहे, लॉगिनही झालंय, पण वर्क प्रोफाइलमधल्या क्रोममध्ये पासवर्ड भरलाच जात नाही. कारण दोन्ही प्रोफाइलचं ऑटोफिल वेगवेगळं असतं. पर्सनल बाजूचं ॲप पलीकडे पोचत नाही. वर्क प्ले स्टोअरमधून ॲप पुन्हा टाका, सेटिंग्जमध्ये 'ऑटोफिल' शोधा, वर्कचा टॅब निवडून तिथेही तेच ॲप लावा. पर्याय करडा दिसत असेल किंवा स्टोअरमध्ये ॲपच नसेल, तर ते कंपनीच्या धोरणाने बंद आहे. आयटीकडे तिकीट (तक्रार) टाका, खटपट करत बसू नका. दोन प्रोफाइलमधलं कॉपी-पेस्टही बऱ्याचदा बंद असतं. म्हणून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवायचा, हा उपाय नव्हे.

पासवर्ड बरोबर असूनही बिटवॉर्डन लॉगिन नाकारत असेल, तर लॉगिनच्या स्क्रीनवर सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. अमेरिकेचा आणि युरोपचा सर्व्हर वेगळा आहे. एकावरचं खातं दुसऱ्यावर सापडत नाही.

नोकरी सोडताना कामाचा क्रम महत्त्वाचा, आणि हे सगळं नोटीस पिरियडमध्येच. आधी ओटीपी: बँकेत किंवा यूएएनला कंपनीच्या सिमचा नंबर दिला असेल तर तो बदला. मग ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनचे कोड देणाऱ्या) कोड आपल्या फोनवर हलवा आणि रिकव्हरी कोड (ते ॲप हाती नसताना खात्यात शिरण्याचे) कागदावर उतरवून घ्या. पासकी (पासवर्डऐवजी फोनने लॉगिन करण्याची चावी) असेल तिथे आपल्या फोनवर नवी तयार करा, तिने लॉगिन होतंय याची खात्री करा, मगच जुनी काढा.

घरच्या नोंदी चुकून ऑफिसच्या व्हॉल्टमध्ये गेल्या असतील आणि त्या मोजक्याच असतील तर सरळ हाताने उतरवा. एक्स्पोर्ट कंपनीने बंद केलेला असू शकतो. चालू असला तरी त्यात ऑफिसचे पासवर्डही बाहेर येऊ शकतात, तेव्हा आधी आयटीला विचारा. सीएसव्ही प्रकारची फाइल तर नकोच: ती उघडी मजकूर फाइल असते, डाउनलोड्समध्ये पडून राहते आणि तिथून कंपनीच्या क्लाउडवर जाऊ शकते. बिटवॉर्डनमध्ये एन्क्रिप्टेड जेसन (कुलूपबंद फाइल) घ्या आणि त्यात पासवर्ड-प्रोटेक्टेड निवडा. अकाउंट-रिस्ट्रिक्टेड घेतलंत तर फाइल त्याच खात्यात उघडते, आणि ते खातं तर बंद होणार!

फोन परत देण्याआधी घरच्या खात्यातून तिथे लॉगआउट करा, नुसतं लॉक नाही. मग बिटवॉर्डनच्या वेब व्हॉल्टमध्ये (ब्राउझरमधून) जाऊन 'डीऑथराइझ सेशन्स' दाबा, म्हणजे सगळ्या फोनांवरून आणि संगणकांवरून लॉगआउट होतं. फोन हरवला तरी आधी हेच करा आणि लगेच आयटीला कळवा.