बार्सिलोनात सहकुटुंब एक दिवस: या चुका टाळा

मी बार्सिलोनात राहते, त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्या नातेवाइकांचे आणि परिचितांचे एका दिवसाचे बेत उन्हाळा आला की माझ्याकडे तपासायला येतात. माणसे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. काय पाहायचे याची यादी बहुतेकांनी चोख केलेली असते. जेवायचे केव्हा, याचा विचार मात्र कोणीच केलेला नसतो, आणि दिवस बिघडतो तो तिथेच.

जुलैमध्ये या शहरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात जवळजवळ दोन वाजलेले असतात, कारण स्पेनचे घड्याळ त्याच्या रेखांशाच्या मानाने मुळातच पुढे आहे आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे सरकवले जाते. सूर्य मावळतो तो नऊ वाजून गेल्यावर. दुपारचे जेवण दीड ते साडेतीन आणि रात्रीचे साडेआठनंतर, हा इथला क्रम या उन्हाशी सुसंगत आहे. चारच्या सुमारास बहुतेक चांगल्या खानावळींची स्वयंपाकघरे बंद होतात आणि मधल्या चार-साडेचार तासांत चुली पेटत नाहीत. पैसे जास्त देण्याची तयारी दाखवली तरी त्यात फरक पडत नाही.

माझी मावसबहीण पुण्याहून यजमान, दोन मुले आणि सासूबाई यांच्यासह आली होती. दीडला जेवायला बसा, असे मी तिला आदल्या रात्री बजावून सांगितले होते. परंतु सकाळी ला बोकेरिया बाजारात मुलांनी फळांचे रस आणि आइस्क्रीम खाल्ले, भूक मेली, आणि ‘नंतर बघू’ असे म्हणून मंडळी टेकडीवरच्या पार्क ग्वेल या बागेच्या चढणीला लागली. तिथून ती खाली ग्रासिया भागात उतरली तेव्हा पावणेपाच वाजले होते. एकामागून एक दारे ठोठावली. प्रत्येक ठिकाणी आतला माणूस मान हलवून रात्रीची वेळ सांगत होता. सासूबाई विरेइना चौकातल्या बाकावर बसल्या, त्या उठेनात. शेवटी टॅक्सी करून सगळे ला राम्ब्ला या पर्यटकांच्या रस्त्यावर गेले, कारण तिथे दिवसभर जेवण मिळते. दारात उभ्या असलेल्या माणसाने छायाचित्रांचा फलक दाखवला, भाज्यांची पाएल्या, म्हणजे पसरट कढईत केलेला स्पॅनिश भात, मागवली गेली, आणि ती इतक्या झटपट टेबलावर आली की तेव्हाच शंका यायला हवी होती. सासूबाईंनी पहिला घास तोंडात घेतला आणि चमचा खाली ठेवला; भात माशांच्या पाण्यात शिजवलेला होता. बिल पूर्ण द्यावे लागले. कामावरून सुटून मी पोहोचले तेव्हा त्या माउली पर्समधले केळे आणि कोरडा पाव खात होत्या, आणि दोन्ही मुले खुर्चीतच झोपली होती.

हे टाळण्यासाठी मी पाहुण्यांकडून एकच गोष्ट करवून घेते: दिवसाची आखणी दुपारच्या जेवणापासून सुरू करायची आणि बाकीचे सगळे त्याच्या मागेपुढे बसवायचे. बरोबर दीड वाजता टेबलावर बसावे. स्थानिक लोक दोननंतर येतात, त्यामुळे त्या वेळी आगाऊ नोंदणी नसली तरी सहसा जागा मिळते. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ मागावा; त्यात ठरावीक किमतीत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड पदार्थ किंवा कॉफी येते. पाएल्या मुळात वालेन्सियाची आणि दुपारी खाण्याची. ती बहुधा दोघांसाठीच करतात आणि ताजी करायला वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी ती मागवूच नये.

शाकाहाराच्या बाबतीत ‘व्हेजिटेरियन’ एवढेच सांगून थांबणे ही या चुकीची सख्खी बहीण आहे. मिश्र सॅलडवर ट्यूना मासा असतो, मसुराच्या आमटीत सॉसेज असते, पालकात हॅमचे तुकडे असतात आणि समुद्राकाठच्या बार्सेलोनेता वस्तीतल्या प्रसिद्ध ‘बोम्बा’ या बटाट्याच्या गोळ्याच्या पोटात खिमा असतो. मांस नको, मासे नकोत, हॅम नको, ट्यूना नको आणि त्यांचे पाणीही नको, असे प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन सांगावे. फोनवर स्पॅनिशमध्ये लिहून ठेवून दाखवले तर उत्तम. मेनूतला दुसरा पदार्थ बहुधा मांसाचा किंवा माशाचा असल्याने मी ‘दोस प्रिमेरोस’, म्हणजे दोन्ही पदार्थ पहिल्या यादीतले, असे मागते, आणि सहसा कोणी नाही म्हणत नाही. आगीवर भाजून सोललेल्या वांग्यांची आणि ढोबळ्या मिरच्यांची ‘एस्कालिवादा’ आली की आपल्या भरताचा वास येतो. मात्र तिच्यावर अँकोव्ही मासा ठेवू नका, हे आधीच सांगायला हवे. टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल आणि मीठ घातलेला पाव, गास्पाचो हे टोमॅटोचे थंड सूप, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, आणि अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट, एवढ्यावर शाकाहारी माणसाचे पोट नीट भरते.

दुसरी मोठी चूक म्हणजे वास्तुविशारद गाउदीच्या सगळ्या वास्तू एका दिवसात उरकण्याचा हट्ट. साग्रादा फामिलिया हे चर्च, पार्क ग्वेल, कासा बात्यो आणि ला पेद्रेरा या चारही ठिकाणी ठरावीक वेळेची तिकिटे असतात, आणि एका ठिकाणी उशीर झाला की पुढची सगळी वेळापत्रके कोसळतात. कुटुंबाबरोबर असताना एका दिवसात एकच तिकिटाची वास्तू पाहावी, असे माझे ठाम मत आहे, आणि ती साग्रादा फामिलिया असावी. तिचे बांधकाम 1882 मध्ये सुरू झाले, पुढच्या वर्षी गाउदीने ते हाती घेतले आणि 1926 मध्ये ट्रामच्या धडकेने मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. दारावर तिकीट मिळेल या भरवशावर जाणारे लोक बाहेरूनच छायाचित्रे काढून परततात, म्हणून तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून निघण्यापूर्वी काढावे आणि वेळ सकाळची घ्यावी. त्या वेळी पूर्वेकडच्या निळ्या-हिरव्या काचांतून ऊन आत येते. लाल-नारिंगी काचा पश्चिमेला आहेत, त्या दुपार कलल्यावर पेटतात. मुलांना घाईने ओढत नेऊ नका. येशूच्या जन्माची शिल्पे असलेल्या दर्शनी भागावर दोन खांबांच्या तळाशी दोन कासवे आहेत, समुद्राच्या बाजूला समुद्री आणि डोंगराच्या बाजूला जमिनीवरचे. ती मुलांना शोधू द्या. पश्चिमेच्या भिंतीवर सोळा आकड्यांचा चौरस कोरला आहे, ज्यात कुठल्याही ओळीची बेरीज 33 येते. या दोन गोष्टींपाशी मुले जेवढी रमतात तेवढी चार वास्तूंच्या धावपळीत रमत नाहीत.

पार्क ग्वेल नकाशावर जवळ दिसते, पण लेसेप्स मेट्रो स्थानकापासूनचा रस्ता बराच चढाचा आहे, आणि वयस्कर माणसांना तो दुपारच्या उन्हात चढायला लावणे हा अन्याय आहे. तिथे जायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. त्या भागात फिरणारी 116 क्रमांकाची छोटी बस पर्यटकांनी भरल्यामुळे तिथल्या वृद्ध रहिवाशांना जागा मिळेना, म्हणून 2024 मध्ये नगरपालिकेने ती गूगल मॅप्सवरून काढायला लावली. ती बस त्यांच्यासाठी राहू द्यावी.

मेट्रोसाठी ‘टी-कॅज्युअल’ हे दहा फेऱ्यांचे कार्ड घेऊन त्यावर सगळ्या कुटुंबाला आत नेता येत नाही; ते एकाच माणसाचे असते आणि विमानतळाच्या मेट्रो स्थानकावर चालत नाही. कुटुंबाला एकत्र वापरता येते ते आठ फेऱ्यांचे ‘टी-फामिलियार’. चार वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

फोन टेबलावर ठेवू नये, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवू नये, आणि सगळ्यांचे पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवू नयेत. ला बोकेरिया रविवारी बंद असते. पिकासो संग्रहालय सोमवारी बंद असते. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत.

जेवणानंतर दोन तास खोलीवर जाऊन पडावे, हे सुचवले की लोकांना वेळ फुकट गेल्यासारखे वाटते, परंतु संध्याकाळी मुले आणि आजी-आजोबा चालते राहतात ते त्या दोन तासांमुळेच. सहाला मुलांना भूक लागते, तेव्हा गॉथिक भागातल्या पेत्रिचोल गल्लीत जावे. तिथे दाट गरम चॉकलेट आणि चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, देणारी जुनी दुकाने आहेत. चुरोसच्या पिठात सहसा अंडे नसते, तरी विचारून घ्यावे. तिथून समुद्रावर चालत जायचे आणि साडेआठला, स्वयंपाकघर उघडता उघडता, जेवायला बसायचे.