कनेक्टिंग फ्लाइट घेताय? आधी पीएनआर मोजा, मग पैसे

आपल्या मराठवाड्यातून विमानाने कोची, गुवाहाटी किंवा चंदीगड गाठायचं म्हटलं की मधे कुठंतरी उतरावंच लागतं. संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून निघा नाहीतर नांदेडहून, मधे मुंबई, दिल्ली, हैदराबाद नाहीतर बेंगळुरू येतंच. मग घरात वाद सुरू होतो, बजेट एअरलाइन घ्यायची की जेवणखाण देणारी फुल सर्व्हिस? माझ्या मते हा वाद नंतरचा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर आहेत का, हे आधी बघा. सहसा होणाऱ्या तीन चुका खाली देतो.

दोन वेगळी तिकिटं काढणं

ही चूक मला जुलैमध्ये मुंबईत कळली. संभाजीनगर-मुंबई एका कंपनीचं आणि पुढचं कोचीचं दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून हजारेक रुपये वाचवले होते. मधे दोन तास दहा मिनिटं होती. पावसामुळे विमान मुंबईवर घिरट्या घालत राहिलं, पट्ट्यावर बॅग यायला वेळ लागला आणि मी धावत काउंटरवर पोचलो तेव्हा चेक-इन बंद झालेलं. देशांतर्गत विमानांचं ते साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी 'नो-शो', म्हणजे वेळेत न आलेला प्रवासी होतो. पहिली म्हणाली, तुम्हाला मुंबईला पोचवलं, आमचं काम झालं. आणि खरं सांगायचं तर तिचं चुकलंही नव्हतं.

तिकीट एकच असतं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची राहिली असती, आणि सहसा बॅगही थेट शेवटच्या मुक्कामी गेली असती. (बॅग देताना टॅगवर शेवटच्या शहराचा कोड आहे का ते वाचून घ्या. काउंटरवर विचारायला लाजू नका.) बजेटवाल्यांकडेही असं एकत्र तिकीट मिळतं. म्हणून एका पीएनआरवरचं साधं तिकीट मला दोन पीएनआरवरच्या महागड्या प्रवासापेक्षा केव्हाही बरं वाटतं. बुकिंगच्या वेबसाइट दोन कंपन्यांची विमानं जोडून एकच तिकीट असल्यासारखं दाखवतात. तिथे बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' (म्हणजे मधला बदल तुमच्या जबाबदारीवर) लिहिलं असेल तर सावध व्हा.

विमानतळ एकच, म्हणून निर्धास्त राहणं

मुंबईत टर्मिनल टी-१ आणि टी-२ मधलं अंतर रस्त्याने कापावं लागतं, तेही अंधेरी-विलेपार्ल्याच्या गर्दीतून. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर दोन-तीन तास पुरणार नाहीत. दिल्लीतही टर्मिनल बघा. नांदेडहून घेतलेलं 'दिल्ली'चं विमान गाझियाबादच्या हिंडनला उतरत असेल, तर तिथून इंदिरा गांधी विमानतळ गाठायला अख्खी दिल्ली ओलांडावी लागते.

फक्त तिकिटाचा आकडा बघणं

विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. तेव्हापासून देशात फुल सर्व्हिस म्हणजे मुख्यतः एअर इंडियाच. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेस या बजेटवाल्या. बॅगेत फार फरक असेल असं वाटतं, पण साध्या भाड्यात दोन्हीकडे बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं. आपल्याकडचा माणूस पोराला भेटायला निघाला की ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि काळा मसाला घेतल्याशिवाय हलत नाही, म्हणून बॅग घरीच तोला. जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. दोन तिकिटं असतील तर ते दोनदा भरावं लागतं. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही, पॉवर बँकही नाही.

जेवणाचं म्हणाल तर घरची दशमी आणि शेंगदाण्याची चटणी कुठल्याही एअरलाइनमध्ये खाता येते.

घोळ झालाच तर

पहिल्या विमानाचा उशीर ते सुटायच्या आधीच कळला आणि तिकिटं वेगळी असतील, तर दुसऱ्या कंपनीला लगेच फोन करून तारीख किंवा वेळ बदला. बदलाचे पैसे जातील, पण नो-शो झालात तर जवळपास सगळंच जातं.

दोन तासांपर्यंत उशीर झाला तर कंपनीकडून फारसं काही मागता येत नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानुसार खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. हा नियम बजेट आणि फुल सर्व्हिस दोघांनाही सारखाच लागू आहे. वेळेत न कळवता विमान रद्द केलं आणि त्यामुळे त्याच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, तर भरपाईही मागता येते. मात्र पाऊस-धुक्याचं कारण असेल तर भरपाई मिळत नाही. त्यामुळे जुलैत मुंबईमार्गे आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी दिल्लीमार्गे जाताना मी मधे चार तास तरी ठेवतो.

विमान चुकलंच तर तिकिटातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागा. रक्कम छोटी असते, पण ती आपली असते आणि न मागता सहसा कुणी देत नाही.