फुकटची माहिती विकताय? सीमाभागात सेंटर चालवताना या चुका टाळा

ऑनलाइन कामांचं सेंटर टाकलं त्या वर्षी मी सरकारी योजनांची पन्नास पानी पीडीएफ केली आणि 49 रुपयांना विकायला काढली. सात जणांनी घेतली. आठव्याला ती गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळाली. लोकांना काय नावं ठेवायची? वेबसाइटवर उघडी पडलेली माहिती मी नुसती एकाखाली एक डकवली होती.

कर्नाटकातल्या निपाणी-खानापूर पट्ट्यात याहून घातक चूक म्हणजे कोल्हापूरकडची माहिती उचलून इथं विकणं. ती आयती मराठीत मिळते, म्हणून मोह होतो. पण रेशनकार्ड कर्नाटकाचं! 2024 मध्ये लाडकी बहीणचे व्हिडिओ बघून बायका कागदं घेऊन दारात. त्यांच्यासाठी होती ती 2023 पासूनची गृहलक्ष्मी, महिना 2000 रुपये. पीएम किसान तेवढी दोन्हीकडं एकच, तरी इथं एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक, लागतो. कुठली योजना आपल्याला नाही, हे सांगितलं तरी गिऱ्हाइकाची एक खेप वाचते.

आता जमिनीच्या उताऱ्याचं. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या साइटवर तो कुणालाही बघता येतो, पण कन्नडमध्ये. एक काका आले, क्षेत्राच्या रकान्यात 2-20. पुण्यातल्या पोराला सातबाराची सवय, त्यानं 2 हेक्टर 20 आर धरलं, म्हणजे जवळपास साडेपाच एकर! भावाभावांत वाटणीवरून बोलणं बंद. खरं तर इकडं एकर-गुंठे लिहितात आणि 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे रान अडीच एकरच. शिवाय 11 नंबरच्या रकान्यात सोसायटीचा बोजा तसाच होता, तो कुणी वाचलाच नव्हता. मी एका पानावर मराठीत मांडून दिलं: मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कुणाचा, उतारा कुठल्या तारखेचा. 150 रुपये घेतले. काकांनी घासाघीस केली नाही, उलट चुलत्याचा उतारा घेऊन परत आले.

तारीख लिहायला विसरू नका. फेरफार झाला की जुना कागद तुमच्याच गळ्यात येतो. आणि ‘हे रान घ्या, काही भानगड नाही’ असं कधीच म्हणू नका. ते वकिलाचं काम, तुम्ही फक्त वाचून दाखवताय.

लोक विचारून तसेच निघून जात असतील तर एक रकाना फुकट वाचून दाखवा. उरलेल्याचे पैसे किती, हे ते आपणहून विचारतात.

नकल करण्याबद्दलही लोक बिनधास्त असतात. माहितीवर कुणाची मालकी नाही, पण मांडणीवर आणि मजकुरावर असते, सरकारी पुस्तिकेवरसुद्धा 60 वर्षं. कायद्याचं मराठी भाषांतर छापायचं तर सरकारनं स्वतः काढलेलं बाजारात नसावं, आणि ‘हे शासनमान्य भाषांतर नाही’ असं त्यावर लिहावं लागतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच आहे ते. माझ्या त्या पीडीएफमधली निम्मी पानं पुस्तिकेतून जशीच्या तशी उचललेली होती. सातच विकल्या गेल्या ते बरंच झालं.